इनामगावच्या सांगाड्यांवरून तेव्हाचे लोक काय खायचे हे कसं कळतं?

शिरूरकर: आमच्या शिरूर तालुक्यातलं (पुणे जिल्हा) इनामगाव, घोड नदीच्या काठी. तिथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळातली (म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे तेव्हाची) दोनशेच्या वर दफनं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीचं खाणंपिणं, आजारपण नुसत्या हाडांवरून कसं काय सांगतात?

दाततज्ज्ञ_ताई: दातांवरून बरंच! लहानपणी उपासमार झाली किंवा मोठं आजारपण आलं की इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) नीट बनत नाही आणि तिथे आडवी रेघ राहते, हाड आयुष्यभर नव्याने भरत राहतं पण इनॅमल परत बनत नाही म्हणून ती रेघ कायमची, माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्येही दिसते. कीड जास्त असेल तर पिठूळ धान्य जास्त खाण्यात होतं असा अंदाज बांधतात. इनामगावच्या दातांवर लुकाच आणि वाळिंबे या संशोधकांनी खूप काम केलंय.

हाडं_आणि_माती: ताईंचं बरोबर, फक्त एक सांगतो, रेघ दिसली म्हणजे ते मूल त्या आजारातून वाचलं होतं. रेघ नाही म्हणजे तब्येत उत्तम असं नाही, रेघ पडायच्या आधीच गेलेलं असू शकतं. आणि इनामगावला लहान मुलंच खूप आहेत हो, दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली. वय दात कुठवर आलेत त्यावरून काढतात.

शिरूरकर: घरातच पुरायचे... हे वाचून गलबलून आलं. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले असायचे ते आजारामुळे का?

हाडं_आणि_माती: नाही, ती दफनाची रीत, मेल्यानंतरची.