कॅमेऱ्यासमोर मोडणारे संसार आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

करडई

2009 साली आम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहायचो. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, त्यावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. गाडी चालवता येत नव्हती, नवरा सकाळी गेला की सोबतीला टीव्ही. टीएलसी या वाहिनीवर 'जॉन अँड केट प्लस एट'चे जुने भाग सतत लागायचे. माहीत नसलेल्यांसाठी: जॉन आणि केट गॉसलिन, आधी जुळ्या मुली आणि मग मे 2004 मध्ये एकदम सहा मुलं. ती सहा जन्मली ते हर्शी आमच्या जवळच, चॉकलेटच्या वासाचं गाव. जॉन आयटीत, केट नर्स. परदेशात ओळखीचं कुणी नसताना हे घर मला आमच्या आळीतलंच वाटायला लागलं होतं. कुणाला कुठली भाजी आवडत नाही, कोण कुणाचं खेळणं पळवतं, सगळं तोंडपाठ.

दर भागात नवरा-बायको एका छोट्या सोफ्यावर शेजारी बसून बोलायचे. ती बोलत सुटायची, तो मध्येच काही पुटपुटायचा, ती त्याला झापायची. सुरुवातीला मला हे फार गोड वाटायचं. आमच्याकडेही साधारण असंच चालतं. मग मासिकांच्या मुखपृष्ठांवर दोघांचे फोटो यायला लागले. किराणा दुकानात बिल करायला उभं राहिलं की समोर केटचा तो तिरका हेअरकट. 25 मे 2009 ला, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या रात्री, पाचवा सीझन सुरू झाला तेव्हा 98 लाख लोकांनी पाहिला. सोफ्यावर आता दोघं वेगवेगळे बसून बोलत होते.

22 जूनच्या भागात त्यांनी विभक्त होत असल्याचं सांगितलं. तो भाग कसला होता माहितीये? मुलांसाठी अंगणात खेळण्यातली घरं येतात त्याचा. मुद्दाम वाकडी बांधलेली, रंगीत, कार्टूनमधल्यासारखी छपरं. मुलं आत-बाहेर पळतायत, खिडकीतून डोकी काढतायत, आणि मध्ये मध्ये कट करून आई सांगतेय की मुलं याच घरात राहतील, आम्ही आळीपाळीने येऊन-जाऊन राहू. मग परत ती घरं. एक कोटी सहा लाख लोकांनी पाहिलं, त्यात मी. मी पोळ्या लाटायच्या थांबवून उभ्याने बघत होते. नंतर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, पण चॅनल काही बदललं नाही.

तुम्हाला असं कधी झालंय का? अवघडलं तरी बघत राहिलात, की बंद केलंत? हिंदी, मराठी, इंग्रजी, कुठलाही कार्यक्रम चालेल. लिहा.

दोनप्रहर

नाही झालं. मंगल कार्यालयात वरपक्ष-वधूपक्षाची जुंपली की आपण पंगतीतून मान वळवून बघतोच की. इथे तर त्यांना पैसे मिळतात.

तिसरीघंटा

मी एडिटर आहे, गोरेगावात. बरीच वर्षं रिअ‍ॅलिटी शो कापलेत. म्हणून आतली गोष्ट सांगतो, शोचं नाव विचारू नका.

जोडप्यांचा एक शो होता. एका जोडप्यात काहीतरी बिनसलेलं आहे हे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघतानाच कळायचं. बाई मेकअपच्या खुर्चीत बसलेली, नवरा मागून काहीतरी विचारतो, ती आरशातून त्याच्याकडे बघते आणि उत्तरच देत नाही. बस, एवढंच. कॅमेरा चालू राहिला होता, कुणी बंद केला नव्हता. लॉगमध्ये त्या शॉटपुढे असिस्टंटने लिहिलं होतं: 'चांगला लुक'. तो लुक मी तीन वेगवेगळ्या भागांत वापरला. एकदा तर तिच्या सासूच्या बोलण्यावर रिअ‍ॅक्शन म्हणून, आणि सासूचं बोलणं भलत्याच दिवशी शूट झालेलं.

लोकांना वाटतं सगळं लिहून दिलेलं असतं. लिहून देण्याची गरजच पडत नाही हो. माणूस दिवसभर माईक लावून फिरला की सगळं आपोआप मिळतं. फक्त जोडायचं. एका वाक्याचा पहिला अर्धा भाग आणि दुसऱ्या वाक्याचा शेवट चिकटवून नवीन वाक्य करता येतं, त्याला आमच्याकडे फ्रँकनबाइट म्हणतात. आवाज जुळवायचा आणि जोडावर समोरच्याचा चेहरा टाकायचा, म्हणजे ओठ दिसत नाहीत. पुढच्या वेळी कुणी पडद्यावर नवऱ्याबद्दल कडू बोलत असेल आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्याचं तोंड दिसलं, तर लक्षात ठेवा.

मला घरी बसून हे शो बघता येत नाहीत. नैतिक वगैरे कारण नाही, जोड दिसतात म्हणून.

करडई

@तिसरीघंटा, म्हणजे ते जे 'गोड' भांडण मला वाटायचं तेही...?

तिसरीघंटा

ते खरंही असेल. मी ते कापलेलं नाही, त्यामुळे सांगू शकत नाही. पण सोफ्यावर बसून बोललेलं सगळं प्रसंग घडून गेल्यावरचं असतं, हे नक्की. एका भांडणाची दोघांना परत उजळणी करायला लावायची, तीही प्रश्न विचारणाऱ्या माणसासमोर. संसारात जे विसरून जायचं असतं नेमकं तेच.

आजोबा_मिशिगन

तुमच्या गॉसलिनांच्या आधीची गोष्ट. मी 1969 मध्ये शिकायला इकडे आलो. 1973 च्या जानेवारीत पीबीएसवर, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्हीवर, 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली' सुरू झालं, एकूण बारा भाग. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचं लाउड कुटुंब, आईवडील आणि पाच मुलं. 1971 मध्ये सात महिने कॅमेरावाले त्यांच्या घरात होते, सुमारे 300 तासांचं चित्रण झालं, त्यातले बारा दाखवले. आम्ही चार देशी मुलं एका खोलीत काळा-पांढरा सेट लावून बघायचो. आम्हाला अमेरिकन घर आतून कसं असतं तेच माहीत नव्हतं. फ्रिजमध्ये काय ठेवतात, मुलं बापाशी कशी बोलतात, तेच बघायला बसायचो.

आणि एका भागात पॅट लाउड, प्रवासाहून परत आलेल्या नवऱ्याला, बिलला, सांगते की मी वकिलाशी बोलले आहे, आणि त्या वकिलाचं कार्ड हातात देते. ना आरडाओरडा, ना पार्श्वसंगीत. आमच्यातला एकजण उठून बाहेर गेला. त्याची बहीण तेव्हा माहेरी परत आलेली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

त्या कुटुंबावर वर्तमानपत्रांत फार टीका झाली. बाईवर जास्त, हे सांगायला नकोच. लाउड मंडळींचं म्हणणं होतं की आमच्याकडे आनंदाचे दिवसही होते, ते वगळले. पण मला यातला सर्वांत विलक्षण भाग टीव्हीवरचा नाही. त्यांचा थोरला मुलगा लान्स 2001 मध्ये वारला. आईवडिलांनी पुन्हा एकत्र राहावं अशी त्याची इच्छा होती, आणि घटस्फोटाला एवढी वर्षं उलटल्यावर दोघं म्हातारपणी खरंच एका घरात राहायला लागले. त्याचे बारा भाग कुणी केले नाहीत. बरंच झालं म्हणा.

कोर्टाची_पायरी

पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. गंमत अशी की कायद्याने हा मामला अगदी बंद दाराआड ठेवलाय. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 वाचा: सुनावणी इन कॅमेरा, आणि कामकाज छापणं बेकायदेशीर. अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. (इन कॅमेरा म्हणजे कॅमेरा नसलेली सुनावणी, हे प्रत्येक नव्या अशिलाला सांगावं लागतं!) समुपदेशकाच्या खोलीत तर वकिलालाही थांबवत नाहीत. दोन माणसं, एक टेबल, टिश्यूचा डबा.

मी असे शो बघते, अगदी नियमित. माझी अस्वस्थता वेगळी आहे. अलीकडे अशील त्या भाषेत बोलायला लागलेत. परवा एकजण म्हणाली, 'मॅडम, माझी साइड कुणी दाखवतच नाहीये.' दाखवतच नाहीये! समोर मी एकटी बसलेली, आणि तिला प्रेक्षक हवे होते. नवऱ्याशी बोलतानाही ती मोबाइल टेबलावर रेकॉर्डिंगला लावून बोलायची, पुरावा म्हणून. ते रेकॉर्डिंग मी ऐकलं. दोघंही अतिशय स्पष्ट, पूर्ण वाक्यांत भांडत होते. खऱ्या भांडणात कुणी पूर्ण वाक्यं बोलतं का?

निमूट

मी बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. पण करडई यांनी लिहिलेली ती वाकडी घरं डोक्यातून जाईनात.

माझे आईवडील मी नववीत असताना वेगळे झाले. सांगली. भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे प्रेक्षक आम्हालाही होते. भांडण सुरू झालं की शेजारच्या काकूंचा मिक्सर बंद व्हायचा. मला अजून कुणाकडे मिक्सर अचानक थांबला की कान टवकारतात. दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन यायच्या, काहीच ऐकलं नसल्यासारख्या. आणि मी काहीच घडलं नसल्यासारखा तो घ्यायचे. त्या नाटकात मोठी सोय होती, हे आज कळतं. काकू आता नाहीत, जे ऐकलं ते त्यांच्याबरोबर गेलं.

त्या जुळ्या मुली तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, धाकटी सहाजण पाच वर्षांची. त्यांच्या वर्गातल्या कुणालाही कधीही तो भाग लावून बघता येतो. मी तो कार्यक्रम पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

दोनप्रहर

निमूट, तुमचं पटलं. पण आईबापांनी सही केली, मोठं घर घेतलं, फुकट सहली केल्या. प्रेक्षकांनी का वाईट वाटून घ्यायचं?

करडई

@दोनप्रहर, आईबापांनी केली, मुलांनी नाही, तोच तर वाद झाला तिकडे. घर हेच कामाचं ठिकाण झालं तर बालकामगार कायदा लागतो का, याची चौकशी पेनसिल्व्हेनियाच्या श्रम खात्याने 2009 मध्ये सुरू केली. विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि केटचे सख्खे भाऊ-भावजय मुलांच्या बाजूने बोलायला तिथे गेले. अखेर 2012 मध्ये कायदा बदलला. रिअ‍ॅलिटी शोमधली मुलंही त्यात आली, आणि कमाईतला काही वाटा त्यांच्या नावे बाजूला ठेवणं आलं. या आठजणांचं बालपण तोवर दाखवून झालं होतं. त्यांचा घटस्फोट डिसेंबर 2009 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी 'केट प्लस एट' नावाने तेच घर पुन्हा टीव्हीवर.

पुरणयंत्र

आमच्याकडे हे आईमुळे कळलं. आई 'पवित्र रिश्ता'ची भक्त, अंकिता लोखंडे तिच्यासाठी कायम अर्चनाच. 2023 च्या ऑक्टोबरात ती नवऱ्याबरोबर, विकी जैनबरोबर, बिग बॉसच्या सतराव्या सीझनमध्ये गेली तेव्हा आईने जेवणाची वेळ बदलली. पहिले काही दिवस मजेत गेले. मग त्या दोघांची भांडणं व्हायला लागली, नुसती कुरबुर नाही, अगदी बोचणारी. आई टीव्हीशी बोलायची, 'अगं गप्प बस की जरा', 'अरे, चारचौघांत बायकोला असं बोलतात का?' मालिकेतल्या अर्चनाशीही ती असंच बोलायची, पण तेव्हा आवाजात गंमत असायची.

एकदा बाबा म्हणाले, 'हे सगळं नाटक असतं गं.' आई म्हणाली, 'नाटक असतं तर तिला रडायला एवढा वेळ लागला नसता. अर्चना पटकन रडायची.' माझ्या मते टीव्हीवर आजवर झालेली ही सर्वांत अचूक समीक्षा आहे.

मग घरच्यांना आत बोलावण्याचा आठवडा आला. सासू आत शिरली आणि आईने रिमोट घेऊन आवाज बंद केला. टीव्ही नाही, फक्त आवाज. चित्र चालू. म्हणे, 'दुसऱ्याच्या घरात सासू बोलायला लागली की आपण उठून जायचं असतं.' पण उठली नाही. मी विचारलं तर म्हणाली, जानेवारीत शो संपेल तोवर दोघं बोलतायत की नाही ते बघितल्याशिवाय मला झोप नाही लागणार. (दोघं बाहेर पडल्यावरही एकत्रच राहिले. आईने ती बातमी सगळ्या मावश्यांना पाठवली, जणू मध्यस्थी हिनेच केली होती.)

शेवगा_शेंग

टीव्हीचं सोडा, यूट्यूबवर काय चाललंय बघा. एक मराठी जोडपं आहे, गावाकडचं. रोजचा व्हिडिओ. ती चुलीवर स्वयंपाक करते, तो कॅमेरा धरतो आणि अधूनमधून विनोद करतो. त्याचा चेहरा क्वचित दिसायचा, पण हसणं ऐकू यायचं आणि कॅमेरा त्या हसण्याने हलायचा. मला तेच आवडायचं.

गेल्या पावसाळ्यात कॅमेरा हलायचा बंद झाला. स्टँडवर लावलेला दिसायला लागला. ती काहीच बोलली नाही, अळूची पानं साफ करत होती, शिरा सोलून काढत होती. पण कॉमेंटवाल्यांनी दोन दिवसांत ओळखलं. 'ताई, दादा कुठे आहेत?' 'ताई, मंगळसूत्र घातलेलं दिसत नाही.' 'ताई, मागची चप्पल दादांची नाही वाटत.' एकीने तर जुन्या व्हिडिओचा मिनिट-सेकंद देऊन लिहिलं होतं की भांडण इथून सुरू झालंय, नीट ऐका.

ती अजून रोज व्हिडिओ टाकते. दादांबद्दल एक शब्द नाही. कॉमेंट बंद केल्या तर यूट्यूब व्हिडिओ लोकांपुढे आणणार नाही अशी तिला भीती असावी, आणि आता घर त्यावरच चालत असणार. मी रोज बघते. बघितलं नाही तर तिचं उत्पन्न जाईल, अशी मी माझी समजूत घातली आहे.

दोनप्रहर

कुठलं चॅनल?

शेवगा_शेंग

नाही सांगणार.

दोनप्रहर

अळूच्या शिरा म्हणजे कोकणाकडचं असणार. शोधतो.