वनस्पतीजन्य नॅनोकणांतून औषध: भरवसा ठेवायचा का?

खलबत्ता (मूळ धागा):
मी फार्मसी शिकवतो. "वनस्पतीजन्य नॅनोकण म्हणजे नुसता प्रबंध छापायचा विषय" असं परवा एका चर्चासत्रात ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा. मक्यातलं झाइन हे प्रथिन घ्या. स्टार्च काढून उरलेला मक्याचा ग्लुटेन कोंबड्यांच्या खाद्यात जातो, झाइन त्यातच असतं. साध्या पाण्यात विरघळत नाही, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्या द्रावणात औषध घालून ते ढवळत्या पाण्यात सोडलं की झाइन आकसतं आणि औषध पोटात घेऊन शे-दोनशे नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोळे, म्हणजेच नॅनोकण, होतात. आतड्यात ते हळूहळू पचतात, तसं औषध सुटतं. पाण्यात न विरघळणाऱ्या, हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या रेणूला असंच वाहन हवं. आपल्या प्रयोगशाळांनी यात पैसा घालावा, असं माझं ठाम मत आहे.

मेघा_सांगली:
सर, माझा विरोध 'वनस्पतीजन्य म्हणजे सौम्य' या गृहीतकाला आहे. आईला कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल लागलं होतं. हे औषध मुळात यू झाडाच्या सालीतून सापडलेलं, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्रेमोफोर नावाच्या द्रावकातून देतात. तो एरंडेलापासून बनवतात, म्हणजे वनस्पतीचाच! त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधं देतात. पहिल्या सलाइनच्या वेळी मी आईचा चेहराच बघत बसले होते. २००५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या ॲब्रॅक्सेनमध्ये, म्हणजे त्याच औषधाच्या नव्या रूपात, क्रेमोफोर नाही. तिथे औषध मानवी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या नॅनोकणांत बसवलंय. झाडाचं वाहन जाऊन माणसाचं प्रथिन आलं.

खलबत्ता:
मेघाताई, उदाहरण बिनतोड आहे, मान्य. पण १९९५ चं डॉक्सिलही बघा. पहिलं नॅनो-औषध म्हणून त्याचं नाव घेतात. त्यातल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाभोवतीच्या कवचातला मुख्य मेदपदार्थ सोयाबीनच्या लेसिथिनपासून, हायड्रोजन घालून केलेला आहे. त्या कवचामुळे हृदयावरचा घात कमी झाला.

मेघा_सांगली:
हो, आणि तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढला. सोयाबीनला दोष देत नाही. कण शरीरात कुठे साचतो ते बघा, एवढंच म्हणणं.

कडुनिंब७२:
यात एक गल्लत सारखी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००४ च्या सुमारास कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदी-सोन्याचे नॅनोकण बनवले गेले. उत्तम काम, मला अभिमान आहे. पण त्यात पान फक्त घडवणारं, कण धातूचाच. चांदी आतड्यात पचत नाही. झाइन आणि हे एकाच पिशवीत घालून 'हर्बल नॅनो' म्हणून विकणाऱ्यांचा मला राग येतो.

अनुराधा_बंगळुरू:
कर्क्युमिनचं नाव निघालं म्हणून. १९९८ मध्ये इथल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपेरीन दिलं की रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट होतं. लोक हे मोठ्या आनंदाने सांगतात. पण हळदीच्या कॅप्सूल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेलेत, आणि त्यांतल्या काही कॅप्सूलमध्ये मिरं होतं. शोषण वाढवणं सोपं, किती वाढवायचं हे अवघड. नॅनोकणाला हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

मेघा_सांगली:
अगदी हेच! औषध 'नियंत्रित' सुटतं असं सगळे लिहितात, पण कणाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं औषध पहिल्या काही तासांतच धो धो सुटतं, त्याला नियंत्रण कसं म्हणायचं? सर, तुमच्या झाइनचा आलेख काय सांगतो? आणि बाटलीत ते किती टिकतं?

खलबत्ता:
प्रामाणिकपणे सांगतो. सुरुवातीचा लोंढा आमच्याकडेही आहे. नुसतं झाइन उदासीनच्या जवळ, सामू सहाच्या आसपास गेलं की कणांवरचा विद्युतभार संपतो आणि ते एकमेकांना चिकटतात. आमच्या बाटलीत पाचव्या आठवड्यात तळाशी साका बसला. आता वरून दुधातल्या केसिनचा थर देऊन बघतोय. म्हणजे निव्वळ वनस्पतीजन्य राहिलं नाही, हे तुमच्या बाजूने मोजा. पण पैसा घालावा हे मत मी मागे घेत नाही. साका का बसतो, हे शोधायलाच तो हवाय.