घोट्याचं फ्रॅक्चर: स्वतः प्लेट लावण्याआधी काय पक्कं हवं? (एमएस ऑर्थो, दुसरं वर्ष)

अस्थी_निवासी
सरकारी मेडिकल कॉलेजात जेआर-२ (दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) आहे. आमच्याकडे फूट-अँड-अँकलचं वेगळं युनिट नाही, पण ट्रॉमा पोस्टिंगमध्ये घोटे भरपूर येतात आणि फिब्युलाची (पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड) वन-थर्ड ट्युब्युलर प्लेट हे ज्युनियरला मिळणारं पहिलं प्लेटिंग असतं. पुढच्या टर्मला जिल्हा रेसिडेन्सीचे ३ महिने आहेत. ड्रिल-स्क्रूचा क्रम पाठ आहे. अडतं ते दुसरीकडे: कॅज्युअल्टीत नेमकं काय करून ठेवायचं, सिंडेस्मोसिस (टिबिया म्हणजे नडगीचं हाड आणि फिब्युला यांना घोट्याशी बांधणारा जोड) उघडा आहे हे टेबलवर कसं ठरवायचं, आणि पेशंट डायबेटिक असेल तर काय बदलतं? सीनियर्सनी कृपया सविस्तर सांगावं.

जुना_लेक्चरर
कॅज्युअल्टीचं मी सांगतो, कारण निम्मं ऑपरेशन तिथेच बिघडतं किंवा सुधारतं.

टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं पावलाचं हाड) निखळलेला दिसतोय आणि आतल्या बाजूची कातडी ताणून पांढरी पडली आहे, तर एक्स-रेची वाट बघू नकोस. आधी पल्स आणि संवेदना तपासून केसपेपरवर लिही. गुडघा ९० अंशात वाकव म्हणजे पोटरीचा स्नायू सैल पडतो. मग टाच धरून ओढ आणि पाऊल जागेवर आण. पल्स पुन्हा बघ, पुन्हा लिही. भरपूर कापूस घालून स्लॅब, तो नीट मोल्ड कर, आणि एक्स-रे स्लॅबमध्येच काढ. "उद्या घेणारच आहोत" म्हणून अर्धवट निखळलेला घोटा रात्रभर तसाच ठेवला तर सूज उतरत नाही आणि मीडियल मॅलिओलसवरची (घोट्याचा आतला उंचवटा) कातडी मरते.

स्लॅबमध्ये टिकत नसेल तर स्पॅनिंग एक्स-फिक्स (सांधा ओलांडून जाणारी बाहेरची चौकट). टिबियात दोन शान्झ पिना, टाचेत एक आरपार पिन. टाचेची पिन आतून बाहेर घालायची, कारण पोस्टेरियर टिबियल धमनी आणि नर्व्ह आतल्या बाजूला आहेत; पिन कुठून शिरते हे तिथे आपल्या हातात असतं.

वेळेचं गणित सूजेवर. पहिल्या काही तासांत घेता आलं तर उत्तम, नाहीतर कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांब, मग ७ दिवस लागोत की १४. रक्ताने भरलेल्या फोडांतून इन्सिजन नको.

फिल्म्स तीन: एपी, लॅटरल, आणि पाय १५ ते २० अंश आत वळवून मॉर्टिस (टॅलसभोवतीची खाच नीट दिसणारी फिल्म). आतली फट (टॅलस आणि मीडियल मॅलिओलसमधली) मोठी आहे पण घोट्याशी फिब्युला शाबूत दिसते, तर गुडघ्यापर्यंतचा एक्स-रे सांग. मेझोनव्ह (फिब्युला वर गुडघ्याकडे मोडलेली) असाच सुटतो. टिबियाचा मागचा तुकडा दिसला की सीटी.

फिब्युला_आधी
सिंडेस्मोसिसचा प्रश्न खरं तर फिब्युलाच्या लांबीपासून सुरू होतो. फिब्युला आखूड किंवा फिरलेली राहिली, तर वरून कितीही चांगला स्क्रू घातला तरी तो चुकीची जागाच पक्की करतो. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी दाखवलं की टॅलस १ मिमी बाहेर सरकला तरी सांध्याचा संपर्क ४२ टक्क्यांनी घटतो. म्हणून ड्रेपिंगच्या आधी दुसऱ्या पायाचे मॉर्टिस आणि अचूक लॅटरल सी-आर्मवर (ओटीतलं एक्स-रे यंत्र) घेऊन सेव्ह करा. मला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय वाटतो.

तिरक्या फ्रॅक्चरला लॅग (दोन तुकडे एकमेकांवर दाबणारा स्क्रू): जवळच्या कॉर्टेक्सला (हाडाची कडक भिंत) ३.५ मिमी ड्रिल, पलीकडे २.५, स्क्रू फ्रॅक्चरला काटकोनात. चुरा असेल तर लॅगच्या मागे लागू नका. प्लेट खाली पक्की करा, प्लेटच्या वरच्या टोकापलीकडे एक सुटा स्क्रू घाला, लॅमिना स्प्रेडरने प्लेट खाली ढकलून लांबी मिळवा. खालचे स्क्रू एकाच कॉर्टेक्सचे, नाहीतर सांध्यात शिरतात. इन्सिजन वर वाढवताना सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह शोधा. फिब्युलाच्या खालच्या टोकापासून साधारण १० ते १२ सेंमीवर ती फॅशियातून बाहेर येते, पण जागा बदलते.

आता तपासणी. फिब्युला फिक्स झाल्यावर बोन हुकने ती बाहेर ओढा आणि मॉर्टिसमध्ये बघा. मग पाऊल बाहेर फिरवून पुन्हा बघा. आतली फट ४ मिमीच्या वर, किंवा टॅलसच्या वरच्या फटीपेक्षा मोठी झाली, तर उघडा समजा. प्लॅफाँडच्या (टिबियाचा खालचा सांध्याचा पृष्ठभाग) १ सेंमी वर टिबिया-फिब्युलामधली फट ६ मिमीच्या आत हवी. लॅटरलमध्ये हुकने पुढे-मागेही हलवा. ही दिशा बहुतेक जण बघतच नाहीत आणि चुकीचं रिडक्शन तिथेच लपतं.

क्लॅम्प तिरका लागला की तोच फिब्युला ढकलतो. बाहेरचं टोक फिब्युलाच्या कडेवर, आतलं टिबियाच्या पुढच्या एक-तृतीयांशात. शंका असेल तर पुढून उघडून डोळ्यांनी बघा. स्क्रू सांध्याच्या २ ते ३ सेंमी वर, सांध्याला समांतर, मागून पुढे २५ ते ३० अंश, ३.५ कॉर्टिकल, सगळे कॉर्टेक्स २.५ नेच ड्रिल. हा लॅग स्क्रू नाही. तीन कॉर्टेक्स की चार, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मागचा तुकडा लहान आहे म्हणून सोडू नका. "२५ टक्क्यांपेक्षा मोठा असेल तरच" हा नियम जुना झाला. मागचं लिगामेंट त्याच तुकड्याला चिकटलेलं असतं. तो बसवला की सिंडेस्मोसिस बऱ्याचदा आपोआप स्थिर होतो. पेशंट पालथा, पेरोनियल स्नायू आणि एफएचएलच्या (पायाचा अंगठा वाकवणारा स्नायू) मधून वाट, सुरल नर्व्ह सांभाळून.

मोनोफिलामेंट
डायबेटिकचं. भरतीच्या दिवशीच तळपायाला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू) लावा. संवेदना नसेल तर तो वेगळा रुग्ण आहे. पल्स लागत नसेल तर डॉप्लर; धमन्या कडक झालेल्या असल्यामुळे एबीआय (घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) खोटा चांगला येऊ शकतो, पायाच्या बोटाचं प्रेशर जास्त भरवशाचं. साखर इन्सुलिनने ताब्यात आणा. सरकलेलं फ्रॅक्चर एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) सुधारायची वाट बघत ठेवता येत नाही.

फिक्सेशन नेहमीपेक्षा दणकट: लॉकिंग प्लेट, आणि सिंडेस्मोसिस ठीक असला तरी फिब्युलातून टिबियात जाणारे दोन-तीन स्क्रू. पायावर वजन न देण्याचा काळ दुप्पट, म्हणजे ६ ऐवजी १२ आठवडे. दुखत नाही म्हणून हा पेशंट चालतो, आणि प्लास्टरखाली जखम झाली तरी बोलत नाही. दर आठवड्याला प्लास्टर उघडून बघा. पुढे पाऊल गरम, लाल, सुजलेलं दिसलं तर शारकोही (संवेदना गेलेल्या पावलातली हाडं-सांधे ढासळणं) मनात ठेवा. पाय उंच ठेवल्यावर लाली ओसरली तर शारकोकडे कल, नाही ओसरली तर इन्फेक्शन आधी शोधा.

अस्थी_निवासी
मनापासून आभार. एक राहिलं: मीडियल मॅलिओलसला नेहमी दोन ४.० मिमीचे कॅन्सलस स्क्रू पुरतात का?

फिब्युला_आधी
आडव्या फ्रॅक्चरला हो, ४० ते ४५ मिमी पुरे. लांब घातले तर स्क्रूचे आटे वरच्या पोकळ हाडात जातात आणि पकड मिळत नाही. फ्रॅक्चर उभं असेल तर नाही. तिथे तुकडा वर सरकतो, म्हणून बट्रेस प्लेट आणि सांध्याला समांतर स्क्रू. आधी प्लॅफाँडचा आतला कोपरा दबलाय का बघा. दबला असेल तर उचलून खाली ग्राफ्ट भरा, मगच प्लेट.

जुना_लेक्चरर
आणि युनिट नसलं तरी क्लबफूट (जन्मजात वाकडं पाऊल) ओपीडी चुकवू नकोस. सबटॅलर सांधा (टॅलसच्या खालचा) कसा फिरतो हे पोन्सेटी प्लास्टर (टप्प्याटप्प्याने पाऊल सरळ करणारं) करताना जितकं हाताला कळतं तितकं ओटीत कळत नाही. अंगठा टॅलसच्या डोक्यावर, कॅल्केनिओक्युबॉइडवर नाही. पहिल्या प्लास्टरला पुढचं पाऊल सुपिनेशनमध्येच (तळवा आत वळवून) उचलायचं. प्रोनेट केलंस (तळवा बाहेर वळवलास) तर केव्हस (तळव्याची जास्तीची कमान) वाढतो.