मेकॅनिकल डिप्लोमा: मुलांना डिझाइन हवं, बोलावणं येतं क्वालिटीचं

शेवटचं_सेम: वर्गातल्या बहुतेकांना डिझाइनलाच जायचंय, त्यासाठी कॅटिया या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरचे क्लास लावलेत. भोसरी-चाकणहून मुलाखतीला बोलावतात ते मात्र क्वालिटी नाहीतर प्रॉडक्शनसाठी, आणि तिथेही मुलं पहिल्या दहा मिनिटांत अडकतात. फ्रेशरला डिझाइनला का घेत नाहीत? हातातल्या सहा महिन्यांत काय शिकावं?

फिक्श्चरवाला: तिथले बरेच कारखाने सुटे भाग पुरवणारे. ड्रॉइंग गिऱ्हाईक कंपनीचं, यांनी बरहुकूम भाग करून द्यायचा. त्यामुळे प्रॉडक्ट डिझाइनच्या जागा मुळातच मोजक्या. काम असतं फिक्श्चर (मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पकडून ठेवणारं साधन) आणि गेज (माप तपासायचं साधन) यांच्या डिझाइनचं, पण ते मशिनवर जॉब कसा बसतो हे कळणाऱ्यालाच देतात. जॉब टेकवायचा 3-2-1 नियम घ्या: खाली तीन टेकणं, बाजूला दोन, टोकाला एक. कास्टिंगच्या कच्च्या तळाला खाली चौथं पक्कं टेकण दिलंत तर एक कोपरा अधांतरी राहतो. क्लॅम्प आवळला की जॉब वाकतो, मशिनिंग होऊन सोडला की माप बदलतं. देखणं मॉडेल काढणाऱ्याला हे सांगता येत नाही, घोडं तिथेच अडतं.

मायक्रॉन: मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न: शाफ्ट, व्यास 25 मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लहान एच 6, म्हणजे h6. कशाने मोजशील? उत्तर येतं, व्हर्नियरने. अरे, हद्द 25.000 ते 24.987, म्हणजे अवघे 13 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन)! व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, 20 मायक्रॉन. 0.01 च्या मायक्रोमीटरनेही भागत नाही, 0.001 चा घ्या, किंवा मास्टर (अचूक मापाचा नमुना) लावून हवेच्या दाबावर मोजणारं एअर गेज.

तेव्हा आधी ड्रॉइंग वाचन, फिटचे (शाफ्ट भोकात किती घट्ट-सैल बसतो त्याचे) तक्ते, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेचे टॉलरन्स दाखवायची खुणांची पद्धत), आणि कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये रोज हात बसवणं. मग सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशिन. टर्निंगला व्यास 0.04 मोठा आला तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमधून (टूल झिजल्यावर माप सुधारायचा आकडा) 0.04 वजा करायचे. प्रोग्रॅम व्यासात चालत असताना निम्मे करून 0.02 टाकले तर पुढचा जॉबही मोठाच येणार.

कागद_वाचा: ऑफर कुणाच्या नावाची आहे ते आधी बघा, कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या. नॅट्सवर (अ‍ॅप्रेंटिसशिपची सरकारी योजना) करार नोंदलेला असेल तर वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप पुरी झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळतं. नुसत्या 'ट्रेनी'ला ते नाही. तिथे पीएफचं विचारा. अ‍ॅप्रेंटिसला कायम करण्याचं बंधन सहसा कंपनीवर नसतं, म्हणून कोणकोणत्या विभागांत फिरवणार हे सही करण्याआधीच विचारून घ्या. अख्खं वर्ष असेंब्लीच्या एकाच स्टेशनवर बोल्ट आवळण्यात गेलं तर पुढच्या मुलाखतीत सांगायला काही उरत नाही.

शेवटचं_सेम: मग कॅटियाचे पैसे भरायचे की नाही?

फिक्श्चरवाला: आत्ता नको. कॉलेजात जे सॉफ्टवेअर असेल त्यावर एखाद्या कास्टिंग ब्रॅकेटचं ड्रिलिंग फिक्श्चर काढ. टूडी ड्रॉइंग कर आणि प्रत्येक टॉलरन्स का दिला ते शेजारी लिही. मुलाखतीला ती शीट घेऊन जा. टूल डिझाइनला, म्हणजे फिक्श्चर-गेजच्या कामाला, निवड झाली, की तिथे जे पॅकेज चालतं त्याचाच क्लास लाव.