पिवळा दिवा आणि भरलेला टिप्पर: थांबायचे कधी, जायचे कधी?

चिरेवाला, उसगाव

सप्रेम नमस्कार. सहा वर्षे पिकअप चालवल्यानंतर अवजड वाहनाचा परवाना मिळाला आणि या पावसाळ्याच्या तोंडावर मी सहाचाकी टिप्पर हाती घेतला. खडी, कधी चिरे भरून फोंड्याहून पणजीकडे किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे फेऱ्या असतात. गिअर, चढण, रिव्हर्स या गोष्टी हळूहळू अंगवळणी पडत आहेत. अडते ते फक्त पिवळ्या दिव्यापाशी.

गेल्या आठवड्यात एका सिग्नलवर ताशी चाळीसच्या आसपास वेगाने येत असताना पिवळा लागला. पिकअपच्या सवयीने मी ब्रेक दाबला, पण गाडी अपेक्षेइतकी आवरली नाही. मग जोराने दाबला, तेव्हा चिऱ्यांचा वरचा थर सरकून केबिनमागच्या पत्र्यावर आदळला आणि पुढची चाके स्टॉप लाईन ओलांडून झेब्रा पट्ट्यांवर थांबली. मागून येणारा स्कूटरवाला फाळक्यापासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलवर, जवळपास त्याच जागी पिवळा लागला, म्हणून थांबलो नाही; तर लाईनीपर्यंत पोहोचण्याआधीच लाल लागला आणि डावीकडच्या गाड्या सुटू लागल्या. मालकांचे म्हणणे, ‘पिवळा दिसला की थांब.’ क्लीनरचे म्हणणे, ‘पिवळा दिसला की दाब.’ दोन्ही सल्ले मी एकेकदा पाळून पाहिले आणि दोन्ही वेळा चुकलो. अनुभवी मंडळी हा निर्णय कशावरून घेतात?

निवृत्त बसचालक, डिचोली

आपला प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. बसमध्ये चिरे नसतात, पण दांड्याला धरून उभी असलेली माणसे असतात, आणि ती चिऱ्यांपेक्षा लवकर सरकतात. ब्रेक कसा लागला याचा निकाल चालकाला मागून ताबडतोब ऐकू येतो.

पिवळा लागल्यावर विचार करायला घेतला की उशीर झालाच म्हणून समजावे. निर्णय त्याआधी झालेला असावा लागतो. माझ्या नेहमीच्या मार्गावरील प्रत्येक सिग्नलसाठी मी एक खूण ठरवलेली असे. कुठे विजेचा खांब, कुठे टपरीचे छप्पर, एके ठिकाणी तर घुमटीसमोरचा माड. गाडी खुणेच्या अलीकडे असताना पिवळा लागला तर थांबायचे आणि पलीकडे असताना लागला तर जायचे. त्यात फेरविचार नाही. खूण ओलांडल्यावर मन बदलणारा चालक सर्वांत धोक्याचा, कारण तो अर्धा ब्रेक मारतो, वेग घालवतो आणि मग चौकाच्या मध्यभागी रेंगाळतो. पावसाळा सुरू झाला की माझी खूण एक खांब मागे सरके. पहिल्या एक-दोन सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो राप तयार होतो, तेव्हा दोन खांब.

दुसरी गोष्ट हिरव्याकडे पाहण्याची. दुरून दिसला तेव्हापासून जो हिरवाच आहे तो ‘शिळा हिरवा’, आणि तो कधीही जाईल असे धरून चालावे. अशा सिग्नलजवळ येताना मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवत असे आणि त्याच वेळी आरशात एकदा पाहून घेत असे. मागे कोण आहे हे पिवळा लागल्यावर पाहण्यात अर्थ नसतो.

रस्ते-अभियंता, मडगाव

वरच्या प्रतिसादातील खुणेच्या युक्तीमागे साधे गणित आहे, आणि ते मांडले की मालक व क्लीनर हे दोघेही अर्धवट बरोबर का आहेत, ते कळते.

१९६० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघांनी पिवळ्या दिव्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी दाखवले की ठरावीक वेगाने येणाऱ्या गाडीसाठी सिग्नलच्या अलीकडे रस्त्याचा एक पट्टा असा असू शकतो की तिथे पिवळा लागल्यास चालकाला नीट थांबताही येत नाही आणि लाल लागण्याआधी लाईनीपर्यंत पोहोचताही येत नाही. याला आपण पेचाचा पट्टा म्हणू. त्यात सापडलेल्या चालकाची चूक असतेच असे नाही. पिवळ्याचा अवधी त्याच्या गाडीला अपुरा असतो, एवढेच.

आता आपला टिप्पर घेऊ. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. दिवा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत १ सेकंद धरू. पिकअपमध्ये ऑइलचे ब्रेक असल्यामुळे पाय दाबताच ते लागतात. टिप्परमध्ये हवेचे ब्रेक असल्यामुळे झडप उघडून हवा प्रत्येक चाकापर्यंत पोहोचायला आणखी सुमारे अर्धा सेकंद जातो. या दीड सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते आणि वेग जराही उतरलेला नसतो. आपल्याला ‘गाडी आवरत नाही’ असे जे वाटले, त्याचा मोठा भाग हाच आहे. त्यानंतर माल न सरकवता, म्हणजे वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या हिशेबाने उतरवत, थांबायला आणखी ३१ मीटर लागतात. एकूण ४८. पिवळा ३ सेकंदांचा असेल, तर तेवढ्यात त्याच वेगाने आपण ३३ मीटर जातो. म्हणजे लाईनीपासून ३३ ते ४८ मीटर हा आपला पेचाचा पट्टा झाला, आणि आपण दोन्ही दिवशी बहुधा त्यातच होता. त्याच वेगाच्या मोटारीला थांबायला साधारण ३२ मीटर पुरतात, त्यामुळे तिच्यासाठी हा पट्टा उरतच नाही. त्या सिग्नलचा पिवळा जणू मोटारी डोळ्यांपुढे ठेवूनच बेतलेला आहे.

वेग बदलला की काय होते, ते पाहा. ताशी ५० ला हाच पट्टा २७ मीटरचा होतो, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि पिवळ्यात कापले जाणारे अंतर मात्र वेगाच्याच प्रमाणात. ताशी ३० ला तो जेमतेम ५ मीटरचा उरतो, आणि तेवढा ब्रेक थोडा घट्ट दाबून भरून काढता येतो. चाळीसला तो भरून काढायचा तर चिरे केबिनवर येतात. म्हणून शिळ्या हिरव्यापाशी वेग तीसवर आणणे, हा माझ्या मते खुणेइतकाच महत्त्वाचा भाग आहे. उताराचाही हिशेब धरावा. सड्यावरून, म्हणजे पठारावरून, नदीकडे उतरणाऱ्या आपल्याकडच्या रस्त्यांवर पाच टक्के उतार काही विशेष नव्हे, आणि तेवढ्याने वरचे ४८ मीटर ५८ च्या घरात जातात.

कायद्याबद्दल एक वाक्य. वाहतूक चिन्हांविषयीच्या १९६८च्या व्हिएन्ना करारातले तत्त्व असे आहे की पिवळ्यावर थांबावे, मात्र गाडी लाईनीच्या इतकी जवळ असेल की सुरक्षितपणे थांबताच येणार नाही, तर पुढे जावे.

ट्रेलर चालवणारा, पेडणे

गणित पटले, पण एक गोष्ट मला खटकते. मी पत्रादेवीपासून वेर्ण्यापर्यंत लांब ट्रेलर नेतो. तीसच्या वेगाने खुणेपलीकडे गेलो आणि पिवळा लागला, तर मी नियमाने पुढे जाणार. पण सोळा मीटरची गाडी आणि पंचवीस मीटरचा चौक मिळून एकेचाळीस मीटर पार करायला तीसच्या वेगाने मला जवळपास पाच सेकंद लागतात. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे दुचाकीवाले हिरव्याची वाट न पाहता सुटलेले असतात. आपल्याकडच्या सिग्नलवर ट्रेलरच्या शेपटीला जो धोका आहे, तो तोंडाला नाही.

रिकाम्या गाडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नवशिक्यांना वाटते की रिकामी गाडी लवकर थांबते. तिचे ब्रेक, पाटे आणि टायर भरलेल्या वजनाच्या हिशेबाने केलेले असतात. रिकामी असताना मागची चाके उडतात, पकड सुटते आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाजूला जातो. माल उतरवून परतताना मी खूण पुढे आणत नाही, होती तिथेच ठेवतो. नव्या गाड्यांतील एबीएस चाके जाम होऊ देत नाही, हे खरे. पण हवा पोहोचायला लागणारा वेळ ते वाचवत नाही.

शिवाय आकडे उलटे मोजणाऱ्या टायमरवर विसंबू नये. पाच, चार, तीन पाहून थांबण्याऐवजी बहुतेकजण दाबतात. टायमर असलेल्या चौकात मी आकड्यांपेक्षा शेजारच्या मोटारवाल्याकडे पाहतो.

रस्ते-अभियंता, मडगाव

पेडण्याच्या मित्रांची शंका रास्त आहे. वेग कमी केल्याने पेचाचा पट्टा आखडतो, पण चौक ओलांडण्याचा वेळ वाढतो, हे खरेच. चाळीसने ज्याला पावणेचार सेकंद लागतात, त्याला तीसने पाच. हा फरक भरून काढण्यासाठी पिवळ्यानंतर काही क्षण सर्व बाजूंना लाल ठेवण्याची पद्धत आहे. जिथे तो अवधी नाही किंवा अगदी तोकडा आहे, तिथे ट्रेलरची शेपटी उघडी पडते. चालकाच्या हाती एवढेच आहे की एकदा जायचे ठरल्यावर पाय काढू नये आणि लांब गाडीने आपली खूण लाईनीच्या आणखी जवळ ठेवावी, म्हणजे पिवळा लागताक्षणीच चौकात शिरता येईल. बाकीच्या सर्व प्रसंगी थांबावे आणि त्यासाठी आधीच वेग पुरेसा कमी ठेवावा. त्याने वाहतूक थोडी मंदावते, याची मला कल्पना आहे. मागच्यांच्या हॉर्नचे काय करायचे, हे गणितात बसत नाही.

लाल लागल्यावर लाईन ओलांडण्याबाबत मात्र सवलत समजू नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडते आणि दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत आहे. मेरशी जंक्शनवर २०२३ पासून कॅमेऱ्यांवरून चलने निघत आहेत, त्यामुळे ‘पोलीस नव्हता’ हा हिशेब तिथे चालत नाही.

चिरेवाला, उसगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आणि आज मिळून सात फेऱ्यांत मी हा प्रयोग केला. त्या सिग्नलच्या अलीकडे उतरून पावलांनी अंतर मोजले. तीसच्या वेगाने थांबायला लागतात त्या तीस मीटरवर नेमका टायर पंक्चरवाल्याचा फलक निघाला, तीच माझी खूण ठरली. भरलेल्या गाडीने तिथे येईपर्यंत वेग तीसवर आणतो. सातपैकी दोनदा खुणेच्या अलीकडे पिवळा लागला आणि दोन्ही वेळा गाडी लाईनीच्या मागे, एकही चिरा न हलता थांबली. एकदा पलीकडे असताना लागला, तेव्हा निमूट निघून गेलो. क्लीनर अजून कुरकुरतो आहे.

एक छोटी शंका राहिली. त्या पहिल्या दिवसासारखी गाडी लाईनीपुढे थोडी जाऊन थांबलीच, तर मागे घ्यावी का?

निवृत्त बसचालक, डिचोली

अजिबात घेऊ नये. आपल्या फाळक्यामागे आरशात न दिसणारी जागा असते आणि आपण थांबताच तिथे एखादा पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाला), एखादी स्कूटर येऊन उभी राहिलेली असते. पादचाऱ्यांना पुढून वळसा घालावा लागेल, ते रागाने पाहतील; त्यांना हाताने वाट दाखवावी आणि हिरवा लागेपर्यंत हँडब्रेक ओढून स्वस्थ बसावे.