बटणाला बाहेरचा रेझिस्टर लावायचा की आतल्या पुलअपवर भागवायचं?

वडगावचा मागवाला:
सरळच सांगतो, बटणाला बाहेरनं १० केचा (म्हणजे १० हजार ओहमचा) रेझिस्टर लावणं म्हणजे फुकटचं सोल्डरिंग. अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या चिपमध्ये प्रत्येक पिनला २० ते ५० केचा पुलअप, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन ५ व्होल्टकडं ओढून धरणारा रेझिस्टर, आतच दिलाय, कोडात इनपुट पुलअप लिहायचं, बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, झालं काम. दाबलं की लो, म्हणजे शून्य व्होल्ट, येतंय एवढं डोक्यात ठेवायचं. काकांच्या मागावर साडी उतरली की दाबायचं बटण असंच केलंय, वर्ष झालं, तक्रार नाही.

निपाणीकर:
होय की, वीतभर वायरीवर चालतंयच. शेतात ये मग बघू. बोअरच्या स्टार्टरपासनं घरापर्यंत ४० मीटर वायर, तीपण मोटारीच्या केबलला चिकटून. काँटॅक्टर (स्टार्टरमधला मोटार जोडणारा चुंबकी स्विच) खटकन ओढला की कुणी हात न लावता स्टॉपची पिन लो, मोटार चालू होऊन लगेच बंद. चार रात्री मी कोडच तपासत बसलो. ५ व्होल्टला आतल्या पुलअपमधनं जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर जातंय, एवढ्याशा करंटवर ती वायर एरियलच झाली की. १ केचा लावला, वायर वेगळ्या पाइपातनं नेली, तेव्हा थांबलं.

खानापूरचं पोरगं:
दादा, ईएसपी३२ या दुसऱ्या कंट्रोलर चिपला तर ३४ ते ३९ पिनांना आतला पुलअपच नाही. मी कोडात लिहून निवांत होतो, नुसता हात जवळ नेला तरी बटण दाबल्यासारखं दाखवायचं 😅

वडगावचा मागवाला:
मग पिन बदल की! आणि निपाणीकर, तुमची चूक वायर ओढण्यात होती, शिव्या पुलअपला कशाला? उद्या म्हणाल एकदा दाबलं तर तीनदा मोजतंय तेपण रेझिस्टर नाही म्हणून. ते बाउन्स, आतली पत्री काही मिलिसेकंद थडथडतीया. नुसत्या रेझिस्टरनं जात नाही, कोडात २० मिलिसेकंद थांबून परत वाचायचं.

उद्यमबागचा फिटर:
दोघंपण रेझिस्टरवरच अडकलायसा. निपाणीकर, मोटारीचं स्टॉप बटण एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडणारं, लावलंच कसं? एनसी लावा, नेहमी ग्राउंडला जोडलेलं, दाबलं की सुटतंय आणि पिन हाय, म्हणजे ५ व्होल्टला, होतीया. उंदरानं वायर तोडली तरी हायच, म्हणजे मोटार बंद. तुमच्या आत्ताच्या जोडणीत वायर तुटली तर दाबत बसा बोंबलत. आमच्याकडं मशीनवर तर २४ व्होल्ट आणि मध्ये ऑप्टो, म्हणजे उजेडातनं सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग, पिनला थेट बाहेरची वायर कुणी लावूच देत नाही.

निपाणीकर:
एनसीचं डोक्यातच आलं नव्हतं अण्णा. उद्या बदलतो. पण १ केचा काढणार नाही.

वडगावचा मागवाला:
ठेवा की, चार आण्याचा तर आहे.

निपाणीकर:
तेच तर मी मघापासनं म्हणतोय!