पोहण्याची उन्हाळी बॅच संपली, आता क्लबला लावायचं का? (सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

वेदांतचे बाबा (सी ३०१): एक विचारायचं होतं. वेदांतची उन्हाळी बॅच काल संपली. आता बऱ्यापैकी पोहतो, खोल बाजूलाही जातो. तिथले सर म्हणाले, पोरगं हलकं आहे, क्लबला लावा, स्पर्धेची तयारी करून घेऊ. वय साडेआठ. आर्याची आई, तुमची आर्या जाते ना? नेमकं काय असतं ते?

श्रीनिवास अण्णा (ए १०२): पोहायला आलं ना? मग झालं की ओ. अजून काय शिकायचं राहिलंय त्यात

नाना आजोबा (ए ००४): आम्ही गावाकडं विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, थोरल्या भावानं मागून ढकलायचं. फी नाही, क्लब नाही. आठवड्याभरात डबा सुटायचा.

आर्याची आई (बी २०४): नाना, तुमचं बरोबर आहे. बुडू नये एवढं येणं सगळ्यात आधी. क्लबचं काम त्याच्या पुढं सुरू होतं.

वेदांतला मी बघितलंय पोहताना. डोकं वर धरतो, गुडघ्यातून पाय आपटतो, अर्ध्यात गेला की दमतो. उन्हाळी बॅचमधली सगळीच पोरं तशी पोहतात, वीस-पंचवीस दिवसांत तेवढंच होतं. क्लबमध्ये पहिले काही महिने हेच मोडून काढतात. डोकं पाण्यात, नजर तळाला, श्वास घ्यायला फक्त मान बाजूला वळवायची, पाय कमरेपासून मारायचा. या काळात पोरगं आधीपेक्षा हळू पोहतं, आणि निम्मे पालक इथंच म्हणतात, पैसे घेऊन पोराचं पोहणं बिघडवलं. तेवढा काळ कळ काढायची तयारी असेल तर लावा.

वेदांतचे बाबा (सी ३०१): फ्रीस्टाइलच करून घेणार ना? तो त्यातच बरा आहे

आर्याची आई (बी २०४): नाही, चारही. फ्रीस्टाइल (पालथं, एकेक हात टाकत), बॅकस्ट्रोक (पाठीवर), ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं), बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पुढं टाकत). या वयात "आमचा बटरफ्लायवाला" वगैरे ठरवूच नका. अकरा-बारा वर्षांनंतर उंची वाढते, खांदे भरतात, तेव्हा कोण कशात निघेल ते आज कुणालाच सांगता येत नाही. चारही स्ट्रोक एकाच शर्यतीत येतात ती मेडले. त्यात आधी बटरफ्लाय, मग बॅक, मग ब्रेस्ट, शेवटी फ्रीस्टाइल. चांगले सर पोरांना या मेडलेसाठीच घडवतात, मग पुढं जे उरायचं ते उरतं.

श्रीनिवास अण्णा (ए १०२): आमच्या मेहुण्याचं पोरगं दहाव्या वर्षी जिल्ह्यात पहिलं यायचं. आता कुठंच नाही

रिया (डी ४०२): अण्णा, असं खूप होतं. ज्याचं अंग लवकर भरतं तो दहा-अकराला सगळ्यांच्या पुढं असतो. चौदा-पंधराला बाकीचे वाढतात आणि गाठतात. तोवर त्याला फक्त जिंकायची सवय झालेली असते, मग तो सोडतो. मी राज्यापर्यंत पोहले, माझ्या बॅचमधली लहानपणीची चॅम्पियन पोरं शेवटी एकही नव्हती.

सेक्रेटरी (बी १०१): मधेच बोलतो, माफ करा. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायलंय, टँकरच्या पैशावरून मीटिंगमध्ये भांडणं व्हायलेत, आणि गावात पोहायचे तलाव भरायचे? हे पटत नाही मला.

आर्याची आई (बी २०४): साहेब, तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल धरा. साधारण पावणेपाच लाख लिटर होतं. एवढं रोज कोण भरणार? तेच पाणी फिल्टरमधून फिरवायचं, क्लोरीन टाकायचं, आणि सोलापूरच्या उन्हानं जे उडून जातं तेवढं वरून घालायचं. फिल्टर बंद ठेवून हिरवं पाणी पोरांना देणारा तलाव असेल तर मात्र तुमच्याबरोबर मीही भांडीन.

सेक्रेटरी (बी १०१): बरं. टँकर उद्या सकाळी येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा सगळ्यांनी.

वेदांतची आजी (सी ३०१): (व्हॉइस मेसेज ऐकायला येत नाही म्हणणाऱ्यांसाठी सूनबाईनं लिहून पाठवलाय) आम्हाला वेदांतचं काही नाही, मुलगा आहे. पण त्याच्यामागं धाकटी पण मागं लागलीय. मुलीनं ते तोकडे कपडे घालून लोकांसमोर पोहायचं म्हणजे काय ओ.

रिया (डी ४०२): आजी, गुडघ्यापर्यंतचा सूट मिळतो आणि स्पर्धेच्या नियमातही चालतो. मी तोच घालायचे. काठावर आल्याबरोबर अंगावर टॉवेल. अगदी पहिल्या दिवशी लाज वाटते, नंतर वेळच नसतो लाजायला, लगेच सरावाचा पुढचा सेट (ठरलेल्या फेऱ्या) असतो. धाकटीला पाठवा. मी येते तिच्याबरोबर पहिल्या दिवशी.

डॉक्टर मॅडम (ए ३०३): दोन गोष्टी सांगते. पोहून आल्यावर कानात काडी, कापूस घालून साफ करत बसू नका, त्यानेच कान बिघडतात. मान तिरकी करून पाणी बाहेर येऊ द्या, बाहेरून टॉवेलनं पुसा. दुखलं, वाहिलं की तलाव बंद आणि दाखवायला या. आणि ज्याला फिट येते किंवा दमा आहे त्याच्या पालकांनी सरांना आधी सांगायचं, लपवायचं नाही.

वेदांतचे बाबा (सी ३०१): क्लब निवडताना काय बघू?

आर्याची आई (बी २०४): पदकांचे फोटो शेवटी बघा. एका लेनमध्ये (दोऱ्यांमधल्या पट्टीत) किती पोरं पोहतात ते मोजा. सर शिकवत असताना पाण्यावर नजर ठेवायला वेगळा जीवरक्षक आहे का विचारा, कारण शिकवणारा माणूस एकाच वेळी सगळीकडं बघू शकत नाही. मुलींची कपडे बदलायची खोली स्वतः बघून या. पालकांना काठापासून लांब का होईना, पण बसू देतात का? नाही म्हणाले तर का नाही ते विचारा. आणि उडी. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच ओट्यावरून, उडी शिकवतात तिथं पाणी किती खोल आहे? आंतरराष्ट्रीय नियमात ब्लॉकखाली किमान १.३५ मीटर लागतं. उथळ बाजूला पोरांना सूर मारायला लावणाऱ्याकडं पाठवूच नका.

महागडा रेसिंग सूट घ्या म्हणणाऱ्याला आत्ता नाही म्हणून सांगा. चांगला गॉगल, टोपी, साधा सूट, बास.

श्रीनिवास अण्णा (ए १०२): दहावीला खेळाचे मार्क मिळतात म्हणे. मग घालून टाकू आमच्या पोराला पण

आर्याची आई (बी २०४): अण्णा, मिळतात, पण ते मुख्यतः शालेय स्पर्धेतून. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं त्या. १४, १७, १९ वर्षांखालील गट असतात, आणि जिल्हा, मग आपला पुणे विभाग, मग राज्य असं चढत जायचं. क्लबची स्पर्धा वेगळी, ती जलतरण संघटनेची. तिथं क्लबमार्फत नाव जातं, गट जन्मतारखेवरून पडतात, जन्माचा दाखला आधीच काढून ठेवा. पण मार्कांसाठी म्हणून घालत असाल तर तुमचं पोरगं पहिल्या थंडीत घरी बसेल. डिसेंबरात सकाळी थंड पाण्यात उतरताना दहावी आठवत नाही कुणाला.

वेदांतचे बाबा (सी ३०१): स्पर्धेच्या दिवशी काय होतं? आम्ही कधी बघितली नाही

आर्याची आई (बी २०४): बसायची तयारी ठेवून या. पोरगं मिनिटभर पोहतं आणि आपण दिवसभर बसतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, केळी, पाणी घरून न्या. वडापाव शर्यतीनंतर.

आधी वॉर्मअप. मग नावं पुकारतात, पोरांना हीटप्रमाणे (एका वेळी पोहणाऱ्या गटाप्रमाणे) ओळीत बसवतात. ज्याची आधीची वेळ नोंदलेली नाही तो सुरुवातीच्या हीटमध्ये, वेगवान पोरं शेवटच्या हीटमध्ये. आणि हीटमध्ये सगळ्यात वेगवान पोरगं मधल्या लेनला. म्हणून वेदांत पहिल्यांदा कडेच्या लेनला असेल, वशिला नाही म्हणून रुसू नका. लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं, "टेक युवर मार्क्स" म्हटलं की वाकून दगडासारखं थांबायचं. हलला, आधी उडी मारली, तर बाद. दुसरी संधी नाही.

आर्याची पहिली ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक सांगते. २५ मीटरचा तलाव, म्हणजे एकदा वळायचं. ब्रेस्ट आणि बटरफ्लायला वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. आर्या वळताना एक हात लावून फिरली. मी तर टाळ्या वाजवत होते, पंचांचा हात वर गेलेला मला दिसलाच नाही. दुसरी आली होती, नाव बाद यादीत. ती रडली. सरांनी तिला ओरडा दिला नाही. तिथंच कोपऱ्यात भिंतीसमोर उभं केलं आणि कोरड्यात दहा वेळा दोन्ही हात लावायला लावले. मग म्हणाले, बॅकस्ट्रोकला अजून वेळ आहे, जा, खाऊन ये.

रिया (डी ४०२): बॅकस्ट्रोकची गंमत म्हणजे भिंत दिसतच नाही. भिंतीच्या ५ मीटर आधी वर झेंडे बांधलेले असतात. त्यांच्याखालून गेलं की किती हात मारायचे ते सरावात मोजून ठेवायचं. ज्यानं मोजलं नाही त्याचं डोकं भिंतीवर. 😄

आणि पालकांना एक सांगू? ओरडू नका. आम्हाला ऐकूच येत नाही. ब्रेस्टला डोकं वर आलं की बाबांचं "चल", परत खाली, वर आलं की "या", परत खाली. पूर्ण वाक्य कधी मिळालंच नाही मला. बाहेर आल्यावर मात्र पूर्ण मिळायचं. 🙄

नाना आजोबा (ए ००४): शाब्बास.

आर्याची आई (बी २०४): रिया, हेच मला मघापासून म्हणायचं होतं. स्ट्रोक सरांचं काम. गाडीत परत येताना "हात असा टाकायला हवा होता" हे आपण सुरू केलं की पोरगं दोन मास्तरांत अडकतं. नंबर काय आला तेही नंतर. त्याची स्वतःची आधीची वेळ किती, आज किती, एवढं बघा. ४८ सेकंदांचे ४६ झाले तर सातवा आला तरी पार्टी. फक्त २५ मीटरच्या तलावातली वेळ आणि ५० मीटरच्या तलावातली वेळ एकमेकांशी लावू नका. छोट्या तलावात जास्त वेळा वळायला मिळतं, दर वेळी भिंतीला लाथ मारून पुढं जाता येतं, तिथं वेळ कमीच लागतो. पुण्यात बालेवाडीला पहिल्यांदा ५० मीटरच्या तलावात उतरलेली आपली पोरं वेळ बघून घाबरतात ती याच्यामुळं.

श्रीनिवास अण्णा (ए १०२): पुण्यालाच जायचं म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस हाय की

आर्याची आई (बी २०४): हुतात्मा तुम्हाला साडेदहाच्या सुमारास पुण्याला सोडते. वॉर्मअप कधीच संपलेला असतो. आदल्या दिवशी जावं लागतं.

श्रीनिवास अण्णा (ए १०२): मग काय उपयोग, शेवटी पुण्या-मुंबईचीच पोरं पुढं जाणार

नाना आजोबा (ए ००४): असं कसं? वीरधवल खाडे कोल्हापूरचा. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. त्याच्या आधी आपल्याला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक १९८६ ला, सोलला खजानसिंगनं आणलं होतं.

रिया (डी ४०२): आणि आपल्याच जिल्ह्यातला सुयश जाधव विसरू नका. करमाळ्याचा. लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गेले, तरी पोहत राहिला. २०१६ ला रिओ पॅरालिंपिकला गेला, २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं. पुढं अर्जुन पुरस्कार. हात नसताना बटरफ्लाय. मला बटरफ्लायचा सेट जड वाटला की सर फक्त त्याचं नाव घ्यायचे.

वेदांतचे बाबा (सी ३०१): हे माहीत नव्हतं. आठवड्यातले किती दिवस पाठवू?

आर्याची आई (बी २०४): या वयात तीन-चार दिवस पुष्कळ. उरलेल्या दिवशी खाली क्रिकेट खेळू द्या, सायकल चालवू द्या. रोज सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणणारे सर भेटले तर आभार मानून परत या.

आणि या रविवारी सकाळी आमच्या क्लबची अंतर्गत वेळचाचणी आहे. स्पर्धा नाही, फक्त वेळ घेतात. वेदांतला आणा, धाकटीला पण आणा. घड्याळ धरायला माणसं कमी आहेत. एका लेनला दोन घड्याळं लागतात आणि सरांना पोरंही सांभाळायची असतात. पालकांनीच उभं राहायचं. शेवटी हाताचा भिंतीला स्पर्श झाला की बटन, डोकं पोचलं म्हणून नाही.

वेदांतचे बाबा (सी ३०१): मी येतो. पण मला वेदांतचीच लेन द्या

आर्याची आई (बी २०४): आपल्या पोराची लेन कुणालाच देत नाहीत. तुम्हाला चार नंबर, वेदांत एक नंबरला.

श्रीनिवास अण्णा (ए १०२): मला पण लिहा. चहा मिळतो का तिथं?

आर्याची आई (बी २०४): हातात घड्याळ असेल तोवर नाही. शेवटची हीट झाली की मी पाजते. सहाला खाली गेटपाशी.